धोतरा, आपटा आणि लॅटिन: शास्त्रीय नावांचा मागोवा

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात वनस्पतीचे लॅटिन नाव म्हणजे तिचे वर्णनच असे. रसभरीच्या जवळच्या एका रोपट्याला ‘फायसॅलिस ॲनुआ रामोसिसिमा, रामिस अँग्युलोसिस ग्लॅब्रिस, फोलिइस डेंटॅटो-सेराटिस’ म्हणत: वर्षभर जगणारे, पुष्कळ फांद्यांचे, फांद्या कोनदार व बिनलवीच्या, पाने दातेरी. जवळची आणखी एखादी जात सापडली की वेगळेपण दाखवायला वर्णन आणखी लांबे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पार बोआँने १६२३ मध्ये सुमारे सहा हजार वनस्पतींची नावे एकत्र केली, तेव्हा त्यांतली काही दोन शब्दांत आटोपली होती. पण तो नियम नव्हता, योगायोग होता.

नियम कार्ल लिनीअसने घालून दिला. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’मध्ये त्याने सुमारे ५,९०० जाती नोंदवल्या आणि प्रत्येकीच्या लांबलचक वर्णनाशेजारी समासात एकच सुटसुटीत शब्द छापला. वरचे रोपटे झाले ‘फायसॅलिस अँग्युलाटा’. पहिला शब्द ग्रीक, फळाभोवतीच्या फुगीर आवरणावरून. दुसरा लॅटिन, कोनदार फांद्यांवरून. गंमत अशी की लिनीअसच्या लेखी खरे नाव ते लांबडे वर्णनच होते. समासातला शब्द केवळ सोयीचा. लोकांनी सोय उचलली. १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅच्युरे’च्या दहाव्या आवृत्तीत त्याने हीच पद्धत सुमारे ४,४०० प्राण्यांना लावली. ही दोन वर्षे पुढे अनुक्रमे वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाचा आरंभबिंदू ठरली.

पहिल्या शब्दात, म्हणजे प्रजातीच्या नावात, ग्रीक आणि दुसऱ्यात, म्हणजे जातीच्या विशेषणात, लॅटिन अशी काटेकोर वाटणी कधीच नव्हती, पण कल तसा राहिला. ग्रीकमध्ये समास सहज बनतात. फणसाच्या ‘आर्टोकार्पस हेटेरोफिलस’ या नावात ‘आर्टोस’ म्हणजे पाव, ‘कार्पोस’ म्हणजे फळ, ‘हेटेरोस’ म्हणजे वेगळे आणि ‘फिलॉन’ म्हणजे पान. लॅटिनने मुख्यतः व्याकरण पुरवले. विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते: चिमणी ‘पॅसर डोमेस्टिकस’, तर माशी ‘मुस्का डोमेस्टिका’. पांढरा-पांढरी-पांढरे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल नाही. नवल आहे ते पिंपळाच्या ‘फायकस रिलिजिओसा’चे. ‘फायकस’ दिसायला पुल्लिंगी, पण लॅटिनमध्ये झाडे बहुधा स्त्रीलिंगी असतात, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी.

लिनीअसचा आग्रह असा की प्रजातीचे नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचेच हवे. बाकी भाषा रानटी. हा आग्रह त्यालाही पाळता आला नाही. धोतऱ्याचे ‘डाट्युरा’ हे नाव भारतीय भाषांतून आलेले. ते त्याने ठेवले, पण ‘देणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी त्याचा संबंध लावता येतो अशी सबब सांगून. आंब्याच्या ‘मँजिफेरा’त दक्षिण भारतातून पोर्तुगीजांमार्फत गेलेला ‘मांगा’ आहे आणि पुढे लॅटिन ‘धारण करणारी’. उलट ग्रीक शब्द त्याने बिनदिक्कत परक्या वस्तूंना वाटले. ‘काक्टोस’ हे प्राचीन ग्रीक लेखक थिओफ्रॅस्टसच्या लेखनात सिसिलीतल्या एका काटेरी झाडाचे नाव होते. लिनीअसने ते अमेरिकेतल्या निवडुंगांना दिले. ‘झिआ’ हे युरोपातल्या जुन्या धान्याचे नाव मक्याला मिळाले, ज्याचे कणीस एकाही प्राचीन ग्रीकाने पाहिले नव्हते.

भारतीय वनस्पतींसाठी लिनीअसचा मोठा आधार होता ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. त्याच्या कामात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. सुपारीचे ‘अरेका’ मलबार किनाऱ्यावरच्या बोलीतूनच आलेले आहे. माणसांच्या नावांनाही लॅटिन प्रत्यय लागू लागले. त्यांत आपट्याच्या प्रजातीचे ‘बाउहिनिया’ सर्वांत चतुर. आपट्याचे पान दोन दलांचे, आणि योहान व कास्पार हे बोआँ बंधूही दोन. दसऱ्याला सोने म्हणून वाटला जाणारा आपटा अशा रीतीने दोन स्विस वनस्पतिशास्त्रज्ञांचे स्मारक आहे.

एकोणिसाव्या शतकात वसाहतींतून नमुन्यांचा पूर आला. दख्खनमध्ये काम करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी छापली. त्यातल्या एका धोबी पक्ष्याला त्याने ‘दुखुनेन्सिस’ म्हटले: ‘दख्खन’चा इंग्रजी कानाने ऐकलेला उच्चार आणि स्थान दाखवणारा लॅटिन प्रत्यय. तो पक्षी आज पांढऱ्या धोब्याची उपजात मानला जातो, पण दख्खन त्याला चिकटून आहे. जुन्नर परिसरातली शिंदळ माकुडी ही वनस्पती १८६५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने ‘फ्रिअरिया इंडिका’ म्हणून नोंदवली. त्या वेळी बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत हलवताना ‘इंडिका’ हे विशेषण तिथे आधीच दिलेले निघाले, म्हणून गव्हर्नर विशेषणाच्या जागी गेला. नंतर प्रजाती पुन्हा बदलली, ‘फ्रिअरिआय’ मात्र टिकले.

या गर्दीला आवर घालायला १८४२ मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने प्राण्यांच्या नावांचे नियम झाले. त्या समितीत डार्विनही होता. वनस्पतींचे नियम १८६७ मध्ये पॅरिसला ठरले. सर्वांत आधी रीतसर छापलेले नाव ग्राह्य, हे त्यांचे मुख्य तत्त्व. अर्थ चुकला म्हणून नाव बदलायचे नाही. न्यू गिनीहून पाय कापलेली कातडी आली म्हणून लिनीअसने एका स्वर्गीय पक्ष्याला ‘अपोडा’, म्हणजे बिनपायाचा, म्हटले होते. पाय असूनही त्याचे नाव तेच आहे. १८३४ मध्ये ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे राजसरडा, ठरवलेला सांगाडा प्राचीन देवमाशाचा निघाला. रिचर्ड ओवेनने नवे नाव सुचवले, ते टिकले नाही.

स्ट्रिकलंडच्या नियमांना भाषांची भेसळ अमान्य होती. विसाव्या शतकात तो सोवळेपणा सुटला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या महाकाय डायनोसॉरला १९७५ मध्ये ‘बारापासॉरस टागोराय’ नाव मिळाले: बंगालीतला मोठा पाय, ग्रीक सरडा आणि रवींद्रनाथ टागोर. सह्याद्रीतल्या जांभळ्या बेडकाचे २००३ मधले ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ हे नाव संस्कृत नाक, ग्रीक बेडूक आणि लॅटिन प्रत्यय यांतून बनले. कंदीलपुष्पांच्या एका जातीला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांच्यावरून ‘सेरोपेजिया महाबळेआय’ म्हणतात. ‘सेरोपेजिया’ म्हणजे ग्रीकमध्ये मेणाचे कारंजे.

नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे, ही अट १९३५ पासून सक्तीची होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. नावाचे रूप मात्र लॅटिनच. अलीकडचा वाद मुळांच्या अर्थाचा आहे. २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकी लोकांना हिणवणाऱ्या शब्दावरून आलेले ‘काफ्रा’ हे विशेषण ‘आफ्रा’ करण्याचे ठरवले. प्राणिनामकरण आयोगाने त्याच्या आधीच, २०२३ मध्ये, स्थैर्याच्या कारणाने अशा बदलांना नकार दिला होता. त्यामुळे स्लोव्हेनियाच्या गुहांतला आंधळा भुंगेरा १९३७ पासूनचे ‘ॲनॉफ्थॅल्मस हिटलेरी’ हे नाव अजून वागवतो, आणि नावापायी त्याच्या नमुन्यांना संग्राहकांकडून मागणी आहे.