मच्छरदाणीची परीक्षा



बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांत पलंगाला चार दांड्या असत आणि दिवेलागणीला मच्छरदाणी सोडणे हे घरातल्या मोठ्या मुलीचे काम असे. ती जाळी साधी होती. आज सरकार ज्या मच्छरदाण्या वाटते त्यांच्या धाग्यात डास मारणारे औषध असते. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या माझ्या दवाखान्यात येणारे कामगार एक प्रश्न हमखास विचारतात : ‘डॉक्टरसाहेब, डास आता औषधाला दाद देत नाहीत म्हणतात. मग ही जाळी लावायची कशाला?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी डासांची बाजू पाहू. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी डीडीटी फवारले गेले. १९६५पर्यंत वर्षाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले होते. पण आपल्या शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात, तेव्हाच्या मुंबई राज्यात, अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा डास डीडीटीने पूर्वीसारखा मरत नाही, अशी नोंद १९५९मध्येच छापून आली होती. पुढे १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण झाले. त्याला इतरही कारणे होती, पण हे एक मोठे होते. नंतर मॅलॅथिऑन आले. गुजरातेतच डास त्यालाही पुरून उरले. मग शेवंतीच्या कुळातल्या फुलांच्या अर्काशी नाते सांगणारी पायरेथ्रॉइड औषधे आली. मच्छरदाणीत आज मुख्यतः हीच असतात. २००२मध्ये सुरत जिल्ह्यातल्या याच जातीच्या डासांत पायरेथ्रॉइडलाही विरोध आढळला.

आपण म्हणतो, डासांना औषधाची सवय झाली. खरे तर एकाच डासाला सवय होत नाही. हजारांत दोन-चार डास जन्मतःच वेगळे असतात. कुणाच्या अंगात विष फोडणारे पाचकद्रव्य जास्त असते, तर कुणाच्या मज्जातंतूत विष जिथे बसते ती जागाच बदललेली असते. बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिढी यांची होते.

आता परीक्षेकडे वळू. मच्छरदाणी अपुरी पडली तर दोन शंका येतात : जाळीतले औषध संपले, की डास बळकट झाला? या दोहोंची तपासणी वेगवेगळी करतात.

डासाची परीक्षा नळीत होते. ठरावीक मात्रेचे औषध लावलेला कागद नळीत गुंडाळून ठेवतात. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या वीस-पंचवीस माद्या तीत तासभर ठेवतात, मग स्वच्छ नळीत हलवून साखरपाणी देतात आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालते. ९०हून कमी मेल्या तर डास दाद देत नाही असे ठरते. शेजारी औषधाविना कागदाची नळीही असते, म्हणजे आपोआप मेलेले डास औषधाच्या खात्यावर पडत नाहीत.

जाळीची परीक्षा शंकूखाली होते. जाळीच्या तुकड्यावर पारदर्शक शंकू ठेवून आत पाच डास तीन मिनिटे सोडतात. हे डास मुद्दाम प्रयोगशाळेत वाढवलेले, औषधाला सहज बळी पडणारे असतात, कारण इथे प्रश्न जाळीचा आहे. वीस वेळा धुतलेल्या जाळीनेही तासाभरात ९५ टक्के डास लोळवावेत किंवा चोवीस तासांत ८० टक्के मारावेत, ही कसोटी.

जी जाळी इथे नापास होते तिला आणखी एक संधी मिळते. काचेच्या बोगद्यात एका टोकाला बांधलेला प्राणी, दुसऱ्या टोकाला शंभर भुकेल्या माद्या, आणि मध्ये नऊ भोके पाडलेली जाळी. रात्र सरल्यावर दोन आकडे मोजतात : मेल्या किती आणि रक्त पिऊ शकल्या किती. ८० टक्के मेल्या तरी जाळी पास. मेल्या कमी, पण रक्त पिण्याचे प्रमाण ९० टक्क्यांनी घटले, तरीही पास! शेवटी प्रयोगासाठी बांधलेल्या झोपड्यांत माणसे भोकाच्या जाळीखाली झोपतात आणि गावचे रानटी डास येतात. तिथेही हेच दोन आकडे पाहतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे. मच्छरदाणी मारते, अडवते आणि हुसकतेही. डास बळकट झाला की मारण्याचे काम ढिले पडते. अडवण्याचे काम मात्र औषधावर अवलंबून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत मोठी पाहणी केली. भारतातले ठिकाण छत्तीसगडचा कोंडागाव जिल्हा होता. २०१८मध्ये निष्कर्ष आला की डास दाद देत नसलेल्या भागांतही जाळीत झोपणाऱ्यांना न झोपणाऱ्यांपेक्षा हिवताप कमी होतो.

म्हणून निश्चिंत व्हावे असे नाही. सगळे गाव औषधाच्या जाळीत झोपले की डासच घटतात आणि जाळीबाहेरच्यालाही आडोसा मिळतो. मारक शक्ती गेली की हा आडोसा जातो. म्हणून विष फोडणाऱ्या द्रव्याला रोखणारे पिपरोनिल ब्युटॉक्साइड घातलेल्या, तसेच क्लोरफेनापिर हे वेगळ्या रीतीने मारणारे औषध असलेल्या जाळ्या निघाल्या आहेत. क्लोरफेनापिर सावकाश मारते. त्याची मोजणी ७२ तासांपर्यंत करावी लागते. चोवीस तासांतच निकाल लावला तर चांगली जाळी नापास ठरेल.

मी जैन घरातला आहे. डास मारावा का, ही चर्चा आमच्याकडे नवी नाही. साधी, अखंड जाळी कुणालाच मारत नाही आणि तरी पुष्कळ राखण करते, हे मला बरे वाटते. पण ज्या वस्तीत हिवतापाने मुले दगावतात तिथे औषधाची जाळी नाकारा, असे मी सांगणार नाही.

तेव्हा जाळी रोज लावा, गादीखाली खोचा, भोक पडले तर त्याच दिवशी शिवा. औषधाची असेल तर साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा; उन्हाने औषध उतरते. नदी-तळ्यात धुऊ नका, माशांना ते विष आहे. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि हिवताप निघाल्यास सरकारी पद्धतीची औषधे पूर्ण घ्या. हानेमान यांनी १७९०मध्ये हिवतापावरच्या सिंकोनाच्या सालीचा प्रयोग स्वतःवर केला, तिथून आमची होमिओपॅथी सुरू झाली असे मानतात. तरी होमिओपॅथ म्हणूनच सांगतो : माझ्या गोळ्या त्या औषधांची जागा घेत नाहीत आणि मच्छरदाणीचीही नाही.