संस्कृती म्हणजे नेमकं काय? सहा समज आणि वस्तुस्थिती

लघवीच्या तपासणीचा ‘कल्चर रिपोर्ट’, स्नेहसंमेलनातला सांस्कृतिक कार्यक्रम, पाठ्यपुस्तकातली सिंधू संस्कृती, ऑफिसातलं ‘वर्क कल्चर’ आणि ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असा वडीलधाऱ्यांचा निकाल. या पाचही ठिकाणी शब्द एकच, नाहीतर त्याचा मराठी भाऊ. काम मात्र दर वेळी निराळं. एका ठिकाणचा अर्थ नकळत दुसऱ्या ठिकाणी सरकला की वाद पेटतो, आणि भांडणारे दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : जंतूंचं कल्चर आणि माणसांचं कल्चर यांचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती : दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या ‘कोलेरे’ या धातूत आहे. त्याचा अर्थ मशागत करणं, जोपासणं. शेतीसाठी वापरला जाणारा हा शब्द रोमन वक्ता सिसेरो याने मनाच्या मशागतीला लावला. प्रयोगशाळेत जंतूंना अन्न आणि ऊब देऊन वाढवतात, तीही जोपासनाच. मराठीने या दोन अर्थांची वाटणी करून टाकली : जंतू, मासे किंवा जळगावच्या बागांतली केळीची रोपं यांचं ‘संवर्धन’ होतं, माणसांची ‘संस्कृती’ असते. बंगालीत माणसांसाठीही नांगरणीच्या अर्थातून आलेला ‘कृष्टी’ हा शब्द रुळू लागला होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांना तो खटकत असे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून ‘संस्कृती’ हा शब्द कळला. परतल्यावर त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि त्यांना तो पसंत पडला.

गैरसमज २ : संस्कृती म्हणजे साहित्य, संगीत, नाटक.

वस्तुस्थिती : हा एक अर्थ झाला. इंग्लंडमध्ये १८६९ साली कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने तो ठामपणे मांडला : उत्तमाची ओळख करून घेत माणसाने स्वतःला घडवणं. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने याच शब्दात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी असं समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सगळं घातलं. या दुसऱ्या अर्थाने मामाच्या मुलीला काय म्हणायचं आणि तिच्याशी लग्न चालतं की नाही, हाही संस्कृतीचाच भाग. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत असं लग्न चालतं. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी ते कल्पनेपलीकडचं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात हा भेद प्रांतवार मांडून दाखवला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातली लग्नं निषिद्ध ठरवताना ‘रूढीने मुभा असेल तर’ अशी वाट मोकळी ठेवली.

गैरसमज ३ : काही लोकांना संस्कृती असते, काहींना नसते.

वस्तुस्थिती : अर्नोल्डच्या अर्थाने एखादा माणूस कमी-अधिक सुसंस्कृत असू शकतो. टायलरच्या अर्थाने संस्कृती नसलेला समाजच नसतो. वारली आदिवासींच्या घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहीत आल्या. पण शहरी जगाच्या लेखी ही चित्रं कलेत जमा नव्हती. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या कलाकारांना कागद आणि रंग पुरवले, त्यांच्यापैकी जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं कलादालनांत गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्कृती चौकातही होती. बदलली ती बघणाऱ्यांची मोजपट्टी.

गैरसमज ४ : पुरातत्त्वातली ‘संस्कृती’ म्हणजे प्रगत, वैभवशाली समाज.

वस्तुस्थिती : उत्खनन करणाऱ्यांसाठी ही एक तांत्रिक संज्ञा आहे. एकाच प्रकारची भांडी, हत्यारं, घरं, दफनाच्या पद्धती अनेक ठिकाणी एकत्र सापडल्या की त्या संचाला संस्कृती म्हणतात आणि बहुधा पहिल्या स्थळाचं नाव देतात. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून आलेली ‘जोर्वे संस्कृती’ तशीच. तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी आणि तोटीची भांडी ही तिची खूण. घोड नदीकाठच्या इनामगावात याच संस्कृतीचे शेतकरी मेलेल्या लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. हे लोक कोणती भाषा बोलत होते, हे खापरांवरून कळत नाही.

गैरसमज ५ : खरी संस्कृती जुनी, शुद्ध आणि न बदलणारी असते.

वस्तुस्थिती : एकादशीच्या साबुदाणा खिचडीचं ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्यानंतरच्या शतकांत ही पिकं आपल्याकडे आली. तरी उपवासाला यांची मुभा आणि गव्हाला बंदी. भजन-कीर्तनातली पेटीही युरोपची : अलेक्झांडर दबॅंने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि मांडी घालून एका हाताने भाता मारायची पेटी पुढे कोलकात्यात घडली. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) निघत नाही, वाद्य परकं, अशा आक्षेपांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत उठली नाही. तोवर मराठी रंगभूमी आणि देवळातलं भजन पेटीवाचून सुनं वाटू लागलं होतं. संस्कृतीत काय बसतं हे वस्तूच्या जन्मस्थळावर ठरत नाही. लोक ती वापरतात, तिच्याभोवती नियम आणि आठवणी गुंफतात, आणि मग ती आपली होते.

गैरसमज ६ : संस्कृती म्हणजे धर्म.

वस्तुस्थिती : कोकणातले बेने इस्रायली धर्माने ज्यू, भाषेने मराठी. गावोगाव तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर. एलियाहू प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात. त्यात गोड पोहे, खोबरं आणि फळं असतात. इस्रायलला गेल्यावर त्यांच्यातल्या काहींनी तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढलं. एका धर्माचे लोक अनेक संस्कृतींत राहतात आणि एका संस्कृतीत अनेक धर्म नांदतात.

भारताच्या राज्यघटनेने संस्कृतीची व्याख्या केलेली नाही. कलम २९ मध्ये, ज्याला स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे अशा कोणत्याही नागरिकगटाला ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. १९७६ मध्ये जोडलेल्या कलम ५१क मध्ये तर ‘संमिश्र संस्कृती’चा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. संस्कृतीत काय बसतं याची यादी घटनेतही नाही. म्हणून ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं कोणी म्हटलं, की आधी विचारावं : लोक कसे वागतात हे सांगताय, की कसं वागावं हे? पहिल्याचं उत्तर पाहून, मोजून, तपासून मिळतं. दुसरं हे मत आहे, आणि मताला ‘परंपरा आहे’ एवढं कारण पुरत नाही.