विषाणूची वंशावळ

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगावानंतर आटगाव हे स्थानक लागते. येथून नोकरदार, भाजी विकणारे आणि विद्यार्थी रोज कल्याण-ठाण्याकडे जातात व सायंकाळी परततात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ही प्रवासी वाहतूक थांबली. माणसाबरोबर रोगही डब्यात बसून प्रवास करतो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु तो कोणत्या वाटेने आला, हे कसे ओळखावे? विषाणू तर शाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

याचे उत्तर विषाणूच्या पोटातच दडलेले असते. करोनाच्या विषाणूत सुमारे ३० हजार अक्षरांचा एक लेख असतो. त्याची वर्णमाला अवघी चार अक्षरांची. विषाणू मानवी पेशीत शिरला, की या लेखाच्या असंख्य नकला होतात आणि मधूनच एखादे अक्षर चुकते.

जुन्या पोथ्यांचेही असेच होत असे. मुद्रणकला नव्हती तेव्हा पोथ्या हाताने उतरून घेत. एकाची चूक त्याच्या पोथीवरून उतरलेल्या प्रत्येक पोथीत जाई. अशा चुकांमुळेच पैठणच्या संत एकनाथांनी सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला. दोन पोथ्यांत एकच विलक्षण चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे, हे उघड आहे. विषाणूची वंशावळ याच न्यायाने मांडतात. भेद इतकाच, की एकनाथांना चुका काढून टाकावयाच्या होत्या. शास्त्रज्ञांना चुकाच हव्या असतात!

आटगावासारख्या गावातील रुग्णाच्या नाकातून घेतलेला स्राव प्रयोगशाळेत पोचला, की त्यातील लेखाच्या पुष्कळ नकला करतात. यंत्र बहुधा त्यांचे लहान तुकडे वाचते. फाटलेल्या पत्राचे कपटे जुळवावेत, तसे ते तुकडे संगणक जुळवितो. मग चिनी शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० मध्ये जगापुढे ठेवलेल्या लेखाशी ही नकल ताडून पाहतात.

डिसेंबर २०२० मध्ये भारत सरकारने या कामासाठी दहा प्रयोगशाळांचा संघ स्थापन केला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यांपैकी एक होय. महाराष्ट्रातील काही नमुन्यांत दोन चुका जोडीने दिसू लागल्या होत्या. त्यांमुळे विषाणूच्या अंगावरील काट्यांच्या प्रथिनात ४५२ व्या आणि ४८४ व्या स्थानी बदल झाला होता. असे बदल १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळतात व डिसेंबरच्या मानाने ते वाढले आहेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. वाचन अचूक होते. पण एकंदर रुग्णांच्या मानाने फारच थोडे नमुने वाचले गेले होते, आणि साथ वाचकांपुढे धावत होती. एप्रिल-मे महिन्यांत रुग्णालयांत खाटा आणि प्राणवायू अपुरे पडले.

या कुळाची एक शाखा पुढे जगभर पसरली. तिच्यात ४५२ ची खूण होती, ४८४ ची नव्हती. ४७८ व्या स्थानी मात्र नवी खूण होती. देशाचे नाव रोगाला चिकटले, तर तेथील लोकांना उगाच दूषण लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी तिला ‘डेल्टा’ हे ग्रीक अक्षराचे नाव दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागात ‘ओमायक्रॉन’ सापडला. तो डेल्टानंतर आला खरा, पण लेख ताडून पाहता तो डेल्टाचा वंशज नसून वंशवृक्षाच्या वेगळ्याच फांदीवरचा निघाला.