खेळणाऱ्याचे गाऱ्हाणे



पंगतीत वाढणारा जाणता माणूस "भाजी कशी झाली?" असे फारसे विचारीत नाही. विचारले तर सगळेच "झकास!" म्हणणार, हे तो ओळखून असतो. तो वाढता वाढता पानांकडे पाहतो. कोणाच्या पानात काय उरले, कोणी दुसऱ्यांदा काय मागितले, यावरून स्वयंपाक कसा साधला हे त्याला कळते. आज मी तुम्हांला संगणकावरच्या एका खेळाची हकिगत सांगणार आहे. पण तिच्यातला प्रश्न या पंगतीतलाच आहे. घाईने केलेले आपले काम दुसऱ्याच्या हाती दिले, की तो काहीतरी बोलतो. त्यातले काय ऐकावे आणि काय सोडावे?

आधी ही घाई कसली, ते सांगतो. संगणकावरचे खेळ रचणाऱ्या हौशी मंडळींनी २००२ साली 'लुडुम डेअर' नावाचा एक उपक्रम सुरू केला. हे लॅटिन शब्द आहेत; त्यांचा अर्थ 'खेळ देणे' असा. विषय जाहीर झाला की घड्याळ सुरू. एकट्याने खेळ रचायचा तर ४८ तास; त्यात कल्पना, चित्रे, आवाज, नियम सगळे आले. पुढे जोडीने किंवा गटाने काम करणाऱ्यांसाठी ७२ तासांची सवलत आली. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' हा असाच उपक्रम अनेक देशांत एकाच वेळी होऊ लागला. तुम्ही म्हणाल, परीक्षेसारखाच हा प्रकार! पण एक मोठा फरक आहे, बरं का. लुडुम डेअरमध्ये तपासनीस कोणी वेगळा नसतो. ज्यांनी खेळ रचले, तेच पुढचे काही आठवडे एकमेकांचे खेळ खेळून पाहतात, मजा, नावीन्य, चित्रे, आवाज अशा बाबींना गुण देतात आणि खाली चार ओळींचा अभिप्राय लिहितात. रचना दोन दिवसांची आणि अभिप्राय कित्येक दिवसांचा, असा हा हिशेब.

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने अशाच एका कालबद्ध स्पर्धेसाठी खेळ रचला. पट पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरांचा. चौकोनी सोंगट्या चार प्रकारच्या : पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा. पाचवे भूत आकाश. ते म्हणजे रिकामे घर. संगणक एकेक सोंगटी हाती देतो, ती कोठे ठेवायची ते आपण ठरवायचे. मातीशेजारी पाणी आले तर कोंब फुटतो आणि गुण मिळतो. कोंबाशेजारी अग्नी आला तर कोंब जळतो. वाऱ्याने अग्नी आणखी एक घर पुढे जातो, पाण्याने विझतो. पट भरला की खेळ संपला. नियम एवढेच, पण डोके चालवायला पुष्कळ वाव.

त्याने तो प्रथम मला दाखवला. मी खेळू लागलो आणि तो माझ्या खांद्याशी उभा राहिला. "सर, इथे नको, तिथे ठेवा. आता वारा येईल, जपून!" मी कोंबांमागून कोंब फुलवले आणि "वा! उत्तम झाला आहे," असे म्हणून मोकळा झालो.

मग स्पर्धेतले अभिप्राय आले. तो उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "सर, लोकांना काहीच कळलं नाही. मी खेळ मागे घेतो." मी ते अभिप्राय वाचले आणि खरे सांगायचे तर मलाच ओशाळल्यासारखे झाले. त्याच्या कानगोष्टींवर मी जिंकलो होतो, आणि त्या कानगोष्टी परक्या खेळणाऱ्यांना कोण सांगणार? माझी शाबासकी त्याच्या काहीच उपयोगाची नव्हती.

"अरे, मागे घेऊ नकोस," मी म्हटले. "आधी यांची गाऱ्हाणी लावून बघू." तशी ती लावली आणि तीन ढीग झाले.

पहिला ढीग : "नियम समजत नाहीत." त्याने सर्व नियम पहिल्याच पानावर लिहिले होते, पण खेळायला बसलेला माणूस पान वाचीत नाही, सोंगटी उचलतो. कित्येकांनी सुचवले होते की, नियम आणखी सविस्तर लिहावेत. उपाय मात्र उलटा निघाला. पहिल्या छोट्या पटावर फक्त माती आणि पाणी द्यायचे. कोंब फुटला की नियम आपोआप कळतो. मग अग्नी, आणि सर्वांत शेवटी वारा. पहिलीच्या मुलाला आपण बाराखडी एका दिवसात देत नाही, तसेच हे.

दुसरा ढीग लहान होता; दोनच जणांनी लिहिले होते की, अग्नी आणि माती यांत घोटाळा होतो. त्याने अग्नी तांबडा आणि माती हिरवी रंगवली होती. आता पाहा, तांबडा-हिरवा भेद नीट न दिसणारी माणसे आपल्याला वाटते तितकी विरळ नसतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ जण असे आढळतात. स्त्रियांत हे प्रमाण फार कमी. उपाय सोपा : रंगाबरोबर खूणही द्यावी. अग्नीला ज्वाळा, मातीला नांगराच्या रेषा. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी फळ्यावर तांबड्या-हिरव्या खडूने आलेख काढताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा ढीग सर्वांत मोठा, आणि रागाचा : "संगणक लबाडी करतो. पाणी येतच नाही!" बहुतेकांनी उपायही सांगितला होता : हवे तेव्हा पाणी मागण्यासाठी एक बटण द्या. विद्यार्थी म्हणाला, "सर, लबाडी मुळीच नाही. चारही सोंगट्यांची शक्यता सारखीच ठेवली आहे." त्याचे म्हणणे खरे होते. पण आम्ही कागदावर हिशेब मांडला. एका खेपेला पाणी न येण्याची शक्यता पाऊण. सलग आठ खेपा न येण्याची शक्यता काढायची तर पाऊण हा अपूर्णांक आठ वेळा घेऊन गुणाकार करायचा. उत्तर येते जवळजवळ एकदशांश. म्हणजे कोणत्याही आठ सोंगट्या घ्या, दहात एकदा त्यांत पाण्याचा थेंब नाही! पंचवीस घरांच्या पटावर आठ घरे कोरडी गेली तर माणूस चिडणार नाही तर काय?

मग बटण द्यावे का? दिले असते तर खेळात राम उरला नसता. हवे ते हवे तेव्हा मिळाले की विचार कशाचा करायचा? याचे औषध जुन्या अनुभवातून मिळाले. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचलेला 'टेट्रिस' हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी पाहिला असेल. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत सातही आकार जणू एका पिशवीत घालतात, एकेक काढतात, आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा सातही भरतात. आमच्या विद्यार्थ्याने चार सोंगट्यांची तशीच पिशवी केली. आता दोन पाण्यांच्या मध्ये जास्तीत जास्त सहा सोंगट्या येतात, त्यापुढे वाट पाहावी लागत नाही. नशीबही राहिले आणि अन्यायही गेला.

या तीन ढिगांतून निघालेली गोष्ट एकच आहे. खेळणारा कोठे दुखते ते सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. औषध कोणते हे तो सांगू लागला, की मात्र आपण नाडी पाहावी. रोग्याने "पोटात दुखतं" म्हटले तर वैद्य वाद घालीत नाही. पण रोग्याने मागितलेली गोळीही उचलून देत नाही. दुसरे असे की, एकट्याची तक्रार ही त्याची आवडनिवड असू शकते. पाच जण एकाच घरापाशी अडले तर ती वाट दुरुस्त करायला हवी. डोळ्यांना न दिसणे ही गोष्ट मात्र याला अपवाद. तिथे एकाचेही गाऱ्हाणे पुरे.

घाईत रचलेले काम टाकाऊ नसते, ते बी असते. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी २०१७ साली नॉर्डिक गेम जॅम या स्पर्धेत शब्दांचे ठोकळे ढकलून नियमच बदलायचे, असा एक खेळ थोड्या तासांत रचला. 'बाबा इज यू' हे त्याचे नाव. तो पूर्ण रूपात २०१९ च्या मार्चमध्ये बाहेर आला आणि जगभर वाखाणला गेला. मधली दोन वर्षे त्या बीजाला पाणी घालण्यात गेली.

आता हे सारे तुमच्या शाळेत संगणकावाचूनही करून पाहता येईल. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे अठ्ठावीस चौकोन कापा, प्रत्येक भूताचे सात. जमिनीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखा. कापडी पिशवीत चार भूतांचा एकेक चौकोन घाला. संपले की पुढचे चार. मुलांचे दोन गट करा. दोन तासिकांत प्रत्येक गटाने आपापले नियम ठरवावेत, मग पट बदलावेत. एकच अट पाळा : दुसरा गट खेळत असता रचणाऱ्यांनी तोंडावर बोट ठेवून बसायचे. सांगायचे नाही, सुचवायचे नाही, फक्त पाहायचे आणि टिपायचे. नंतर तीनच प्रश्न विचारा. कोठे अडलात? पुढे काय होईल असे वाटले होते? पुन्हा खेळाल का? "आवडला का?" हे मात्र विचारू नका.

ते गप्प बसणे फार कठीण जाते, हे मी अनुभवाने सांगतो. वीस वर्षे मी वर्गात "समजलं का?" असे विचारीत आलो आणि मुले एका सुरात "हो सर" म्हणत आली. मीही त्यांच्या खांद्याशीच उभा होतो की! आता मी एक उदाहरण घालतो आणि पाच मिनिटे गप्प राहून वह्यांवरून नजर फिरवतो. कोठे पेन्सिल थांबते तेथे माझे शिकवणे अडलेले असते.

आणि त्या खेळाचे काय झाले? सुधारलेला खेळ पुन्हा लोकांपुढे ठेवला, तेव्हा गाऱ्हाणी संपली नाहीत, ती बदलली. आता लोक लिहू लागले, "पट लहान पडतो, घरे वाढवा." विद्यार्थी पुन्हा माझ्याकडे आला, पण या खेपेस चेहरा हसरा होता. पट लहान पडतो असे म्हणायला खेळणारा शेवटच्या घरापर्यंत पोचावा लागतो, हे त्याला आता कळले होते.