आधी ओल, मग सेटिंग

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दमट जुलैत ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगच्या जोडाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली की हात मशीनच्या बटणांकडे जातो. तो आधी तार आणि पत्र्याकडे जायला हवा. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि गोठताना जवळपास सगळा बाहेर टाकतं. अडकलेले बुडबुडे म्हणजेच ती छिद्रं. हा हायड्रोजन येतो तेल-ग्रीसमधून आणि ऑक्साइडच्या थराने धरलेल्या ओलाव्यातून. धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो, हा थर 2000 च्याही पुढे. म्हणजे तो धातूबरोबर वितळून जात नाही, घासूनच काढावा लागतो. म्हणून आधी तेल पुसायचं, मगच फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रश. क्रम उलटला तर तेल आणखी आत घासलं जातं.

कुणी म्हणेल, याच हवेत लोखंड नीट जुळतं. जुळतं, कारण पोलाद गोठल्यावरही बराच हायड्रोजन पोटात ठेवतं. टॉर्च धन टोकाला जोडली की आर्कच ऑक्साइड फोडतो, हेही खरं. पण पातळ थरापुरतंच, तेलाचं काय? गॅसच्या ज्योतीने पत्रा वाळवावा म्हटलं, तर ज्योत स्वतःच पाण्याची वाफ सोडते. शुद्ध आर्गॉन, तार सरकवणारे यू-खाचेचे रोलर, तिच्या नळीत टेफ्लॉनचा लायनर हे सगळं हवंच. मात्र तारेचं रीळ रात्रभर दमट शेडमध्ये उघडं राहिलं, तर सकाळी कुठलंही बटण ती ओल काढत नाही.