मोटार क्लबाची वर्गणी भरावी का?

जुनी फियाट किंवा जीप बाळगणाऱ्या नांदेड-लातूरच्या माणसाला मुंबई-पुण्याच्या क्लबाचा सभासद होण्याचा सल्ला हमखास मिळतो. पैसे भरण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

मुंबईची १९१९ सालची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन सर्वसाधारण मोटारमालकांची. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे क्लब निराळे. त्यांचा भर रॅली व प्रदर्शनांवर. लातूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, नांदेडहून त्याहून लांब. जुनी गाडी तेवढी न्यायची तर पेट्रोल, मुक्काम आणि सोबत मिस्त्री! वर्गणी त्यापुढे किरकोळच.

मात्र सुट्या भागांचा प्रश्न खरा आहे. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांवर लोटली, अॅम्बॅसेडर २०१४ साली थांबली. अस्सल भाग कुणाकडे पडून आहे, ही खबर क्लबातल्या माणसाला आधी लागते.

कागदपत्रांचीही माहिती तिथे मिळते. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार मूळ रूपातील, ५० वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,०००. पण मग ती रोज वापरता येत नाही, धंद्यालाही लावता येत नाही. वरातीच्या भाड्यावर डोळा असणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आमच्या मते दोन्ही जिल्ह्यांतल्या चार-पाच मालकांपैकी एकाने सभासद व्हावे, खबर सर्वांना मिळेल. अधिक लाभ होईल तो कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा. त्यांना तर वर्गणीचीही गरज नाही. एखादा सभासद गिऱ्हाईक असला की पुरे.