‘शक्ति’ : आयत्या वेळच्या वादनाचा मेळ

नांदेडहून निझामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरी हें स्थानक लागतें. त्या बाजूच्या एखाद्या खेड्यांत भजनाला बसलेल्या श्रोत्याला एक गोष्ट सहज दिसेल. गायक अभंगाचा एकच चरण निरनिराळ्या अंगांनीं घोळवितो, पखवाजवाला कोणीं न सांगतां लय चढवितो, आणि सारी मंडळी नेमक्या एका मात्रेवर येऊन ठेपतात. अमेरिकेंत रॉक संगीताचे कांहीं तरुण ताफे असेंच, आयत्या वेळीं सुचेल तें, दीर्घकाळ वाजवीत राहतात; त्यांना ‘जॅम बँड’ म्हणतात. त्यांच्या जातकुळीचा, पण बव्हंशीं आपलाच, असा एक मेळ म्हणजे ‘शक्ति’.

जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्लिश गिटारवादकाची कीर्ति विजेच्या वाद्यांच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ या दणदणीत मेळामुळें झाली होती. तो थाट सोडून त्यानें साधी गिटार हातीं घेतली. सोबत व्हायोलिनला एल. शंकर, घटमला विक्कु विनायकराम आणि तबल्याला मुंबईचे झाकीर हुसेन. झाकीर तेव्हां अवघे 24 वर्षांचे! 5 जुलै 1975 रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील साउथहॅम्प्टन कॉलेजांत झालेल्या कार्यक्रमाचीच पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या वेळीं मृदंगावर आर. राघवन होते. तींतील एक रचना 29 मिनिटें चालते.

आतां प्रश्न असा, कीं कागदावर कांहीं नसतां हे लोक एकमेकांना चुकत कसे नाहींत? उत्तर हिशेबांत आहे. समजा, ताल 16 मात्रांचा आहे. समेपासून पांच मात्रांचा तुकडा वाजविला, एक मात्रा थांबलें, आणि असें तीनदां केलें, तर अखेरचा आघात सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर पडतो. ही तिहाई. पहिला तुकडा कानीं पडतांच जाणत्या साथीदाराला शेवट कोठें आहे तें कळतें. उत्तरेचे बोल निराळे, दक्षिणेचे निराळे. पण मोजणी दोघांनाही उमजते. स्वातंत्र्य आहे तें या मोजणीच्या आंत.

इतकें असूनही मेळ फार दिवस टिकला नाहीं. 1977 च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेंत एकही रचना सात मिनिटांच्या फारशी पुढें जात नाहीं. माझ्या मतें तेथेंच त्याचा श्वास कोंडला. ध्वनिमुद्रिकेच्या बाजारास आटोपशीर माल हवा असतो, आणि आयत्या वेळच्या वादनाला तर पसरावयास जागा लागते. 1978 मध्यें सारे पांगले.

1997 मध्यें मेळ पुन्हां जुळला. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकरामांचे पुत्र सेल्वगणेश व मुंबईचे गायक शंकर महादेवन त्यांत आले. श्रीनिवास 2014 मध्यें निवर्तले. 2023 च्या ‘धिस मोमेंट’ला 4 फेब्रुवारी 2024 रोजीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, त्याच वर्षीं 15 डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.

जिज्ञासूंनीं ती 29 मिनिटांची रचना जरूर ऐकावी, आणि तबला व घटम एकमेकांना कोठें वाट करून देतात, इकडे विशेष कान द्यावा.